फोन माझा, हुकूम त्यांचा

पुण्यातल्या कंपनीच्या सर्व्हरवरून निघालेला मेल नैरोबीतल्या, ओसाकातल्या, टोरांटोतल्या कुठल्याही सर्व्हरवर पोचतो. पाठवणाऱ्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे आणि घेणाऱ्याकडे कुठलं, याची चौकशी कुणी करत नाही. एसएमटीपी नावाचा नियम १९८२ साली लिहिला गेला, सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ जगाचा पत्रव्यवहार त्यावर चालला आहे. मग तोच मेल सर्व्हरवरून तुमच्या खिशातल्या फोनवर यायचा म्हटलं की काय होतं? तुमचा फोन सपोर्टेड नाही. तुमचं अ‍ॅप मंजूर यादीत नाही. अँड्रॉइड जुनं आहे. अ‍ॅडमिनची परवानगी आणा. फोन एन्रोल करा. आणि हा फोन आम्ही वाटेल तेव्हा पुसून टाकू शकतो, त्याला इथे संमती द्या.

समुद्र ओलांडून आलेला मेल शेवटच्या टप्प्यावर अडतो, याला मी तांत्रिक अडचण म्हणायला तयार नाही. ही नाकेबंदी आहे. ती ठरवून उभी केलेली आहे, तिच्यावर पैसे कमावले जातात, आणि तिचा भुर्दंड ज्याच्या हातात फोन आहे त्या नोकरदाराच्या माथी मारला जातो. मेल सर्व्हर सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. हेल्पडेस्कवर येणारी टिकिटं मी पाहतो. ‘मेल सिंक होत नाहीये’ असं माणूस लिहितो. उत्तर जातं, ‘युझर डिव्हाइस आमच्या स्कोपमध्ये नाही.’ टिकीट बंद. हिशेबात प्रश्न सुटलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या माणसाने संध्याकाळी बाजारात जाऊन, चांगला चालणारा फोन बाजूला ठेवून, नवा फोन हप्त्यावर घेतलेला असतो. कंपनीचं काम करण्यासाठी, स्वतःच्या खिशातून.

हे असंच व्हायला हवं होतं का? मुळीच नाही. २००० साली आयबीएम, नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, पाम, लोटस, सायन अशा कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी सिंकएमएल नावाची सामायिक भाषा ठरवायला घेतली. यंत्र कुणाचंही असो, सर्व्हर कुणाचाही असो, पत्ते, भेटीगाठी, कामांच्या याद्या एकमेकांशी जुळाव्यात, इतका साधा हेतू. संस्थापकांच्या त्या यादीत मायक्रोसॉफ्ट नव्हती. तिने स्वतःची अ‍ॅक्टिव्हसिंक नावाची पद्धत कंपन्यांच्या मेलसाठीच्या आपल्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये बसवली. २००३ च्या एक्स्चेंजमध्ये ती अंगभूतच आली, आणि २००५ च्या सुधारणेनंतर मेल आला की लगेच फोनवर ढकलला जाऊ लागला. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून एक्स्चेंज आधीच ठाण मांडून बसलं होतं, त्यामुळे फोन बनवणाऱ्यांपुढे पर्याय उरला नाही. अ‍ॅपलने २००८ साली अ‍ॅक्टिव्हसिंकचा परवाना घेतला तेव्हा कुठे आयफोन कचेरीत शिरला. गूगलनेही २००९ मध्ये तोच परवाना घेतला. स्वतःचाच मेल स्वतःच्याच फोनवर वाचायचा, आणि त्याची वाट मात्र तिसऱ्याच कंपनीच्या परवान्यातून जायची, ही स्थिती आपण निमूटपणे मान्य केली.

परवान्याचा आणि पेटंटाचा हा फास किती आवळता येतो, याचा नमुना २०१२ मध्ये दिसला. मोबाइलवरून बैठकीचं निमंत्रण तयार करण्याची सोय ही मायक्रोसॉफ्टच्या पेटंटात येते, असा निवाडा अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने दिला आणि मोटोरोलाच्या अँड्रॉइड फोनांवर आयातबंदीचा आदेश काढला. सोमवारी अकरा वाजता चार माणसांना एका खोलीत बोलवायचं, एवढ्या कृतीवरून फोन बंदरात अडवता येतो, तर ज्याच्या हाती हे हत्यार आहे तो सुसंगततेची काळजी कशाला करेल? विसंगती हाच त्याच्या उत्पन्नाचा स्रोत आहे.

त्याआधीचं ब्लॅकबेरीचं राज्य काही वेगळं नव्हतं. तिथे तर कंपनीच्या सर्व्हरशेजारी ब्लॅकबेरीचा वेगळा सर्व्हर उभारावा लागे आणि मेल ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या जाळ्यातून फिरून येई. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या जाळ्यातला एक मुख्य स्विच बिघडला, पर्यायी व्यवस्थाही चालली नाही, आणि युरोप, आखात, आफ्रिका, भारत इथल्या लाखो लोकांचे मेल तीन दिवस अडकले. मुंबईतल्या माणसाचा मुंबईतल्याच माणसाला पाठवलेला मेल पोचेना, कारण वाटेतला एकमेव नाका परदेशात बंद पडला होता. त्याच्या आदल्याच वर्षी आपलं गृहमंत्रालय ब्लॅकबेरीवरून जाणारे संदेश तपासता यावेत म्हणून मुदती देत होतं. सरकारला त्या बंद जाळ्यात शिरायची घाई होती. ते जाळं बंद का असावं, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने जुन्या फोनांच्या सेवा थांबवल्या आणि धडधाकट यंत्रं निकामी ठरली. ज्यांनी हजारो रुपये मोजून ती घेतली होती, त्यांच्या मताला किंमत शून्य.

आता अ‍ॅक्टिव्हसिंकचं काम आतून कसं चालतं ते पाहू, कारण ‘सुरक्षेसाठी हे करावंच लागतं’ या दाव्याची खरी किंमत तिथेच कळते. फोन सर्व्हरला एक विनंती पाठवतो आणि ती उघडीच ठेवतो. नवा मेल आला की सर्व्हर तिला उत्तर देतो, नाही आला तर ठरलेल्या वेळाने ती विनंती संपते आणि फोन पुन्हा नवी पाठवतो. हे सुरू होण्याआधी सर्व्हर फोनपुढे अटी ठेवतो. पासवर्ड किमान इतक्या अक्षरांचा हवा, इतक्या वेळा चुकला तर फोन कोरा करावा, साठवलेली माहिती कूटबद्ध हवी. फोन म्हणतो, ‘सगळं मान्य.’ सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. फोन खरं बोलतो की नाही हे तपासण्याची सोय या देवाणघेवाणीत नाही.

आणि फोन खोटं बोललेसुद्धा आहेत. सुरुवातीच्या आयफोनांत साठवलेली माहिती कूटबद्ध करण्याची क्षमताच नव्हती, तरी सर्व्हरने ती अट घातली की ते खुशाल होकार देत. सप्टेंबर २००९ मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरची ३.१ ही आवृत्ती आली आणि फोन पहिल्यांदा खरं बोलू लागला. त्याबरोबर ज्या कचेऱ्यांनी ही अट घातली होती तिथे त्या जुन्या आयफोनांवरचा मेल बंद पडला. म्हणजे तोवर ज्या सुरक्षा विभागांनी ‘आमच्या कंपनीत कूटबद्ध फोनच मेल उघडू शकतात’ असे अहवाल वरच्या साहेबांना दिले, ते अहवाल हवेत लिहिलेले होते. यावर अ‍ॅपलचा सल्ला काय होता? नवा फोन घ्या, नाहीतर अ‍ॅडमिनला ती अट काढून टाकायला सांगा. खोटं यंत्राने बोलायचं, आणि दंड ते यंत्र विकत घेतलेल्याने भरायचा.

जानेवारी २०१३ चा प्रकार याहून वाईट. आयफोनची ६.१ ही आवृत्ती आली. दर आठवड्याला ठरलेली बैठक असते, त्यातली एखादी आयत्या वेळी पुढे ढकलली जाते, हे प्रत्येक कचेरीत घडतं. तशा बदललेल्या बैठकीला फोनवरून उत्तर दिलं की फोन सर्व्हरशी त्याच एका नोंदीवर घोळ घालत बसे. एक्स्चेंज आपल्याकडे झालेला प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितं. ही लॉग फुगू लागली, सर्व्हरची मेमरी आणि प्रोसेसर खाल्ले जाऊ लागले. लॉगची डिस्क भरली की एक्स्चेंज मेलचा साठाच बंद करून टाकतं, आणि मग ज्याच्याकडे आयफोन नाही त्याचाही मेल थांबतो. एका माणसाने ‘येतो’ असं बटण दाबायचं आणि त्यापायी अख्ख्या कचेरीचा सर्व्हर धापा टाकायचा. मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या उपायांत दोन गोष्टी होत्या. त्या फोनवरून बैठकांना उत्तरंच देऊ नका, आणि फारच त्रास झाला तर ते फोन सर्व्हरवर अडवा. दुरुस्ती यायला १९ फेब्रुवारी उजाडली. २०१७ मध्ये पुन्हा तेच. आयफोनच्या सॉफ्टवेअरची अकरावी आवृत्ती आली आणि मायक्रोसॉफ्टच्या मेलसेवांवरून मेल जाईना. सर्व्हरने संदेश नाकारला, इतकंच पडद्यावर दिसे. दुरुस्ती आठवड्याने आली.

दोन्ही वेळा दोन्ही बाजूंच्या कंपन्या जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी होत्या. एकमेकींच्या यंत्रांवर नवी आवृत्ती नीट चालवून पाहण्याइतके पैसे, माणसं आणि यंत्रं दोघींकडे होती. त्यांनी ते केलं नाही, कारण न केल्याचा तोटा त्यांना होत नाही. रात्री जागतो तो अ‍ॅडमिन, शिव्या खातो तो हेल्पडेस्कवरचा पोरगा, आणि ग्राहकाचा महत्त्वाचा मेल चुकला म्हणून अप्रेझलमध्ये मार खातो तो कर्मचारी.

आता त्या पुसण्याविषयी. कंपनीचा मेल फोनवर जोडताना जो मजकूर पुढे येतो, त्यात ‘सर्व माहिती पुसणे’ हा अधिकार सर्व्हरला देण्याची अट असते. बहुतेक लोक न वाचता पुढे जातात, आणि वाचून तरी काय करणार? नाही म्हटलं तर मेल नाही, आणि मेल नाही म्हणजे नोकरीत अडचण. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली सगळं परत करून तो घरी निघाला. वाटेत त्याचा स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तो कोरा. मुलीच्या लहानपणचे व्हिडिओ गेले, नंबर गेले, बँकेचं अ‍ॅप पुन्हा नोंदवावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारणा केली तेव्हा मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘सर, तुम्ही कन्सेंट दिली होती. प्रोसेसप्रमाणेच झालंय.’ फक्त कंपनीचं खातं काढून टाकण्याची सोय होती का, हे विचारण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती. यादीत एक रकाना होता, त्यावर खूण करायची होती, ती झाली.

एक खोली भाड्याने घेणाऱ्याने करारात ‘जाताना मी अख्खं घर पाडू शकेन’ असं कलम घालायला सांगितलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. कंपनीचा मेल माझ्या फोनमधला भाडेकरू आहे. तोही भाडं न देणारा. फोन माझा, डेटाचा पॅक माझा, चार्जिंगची वीज माझी. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून कामाची वेगळी कप्पेबंद जागा करण्याची सोय आहे, अ‍ॅक्टिव्हसिंकच्या नव्या आवृत्तीतही फक्त खातं पुसण्याची तरतूद आहे. तरी सबंध फोनावरचा हक्क सोडायला तयार नसलेल्या कंपन्या आहेत. हा आळस आहे, आणि त्याला संमतीचं कायदेशीर कातडं पांघरलेलं आहे. नोकरीच्या धाकाने दाबलेलं बटण ही संमती नव्हे.

सुरक्षेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या मेलसेवेवर नुसत्या नाव-पासवर्डाने जोडणी बंद करायला सुरुवात केली, हे योग्यच झालं. एकच पासवर्ड हजारो खात्यांवर लावून पाहणारे चोर रोज आमच्या लॉगमध्ये दिसतात. पण त्या निर्णयानंतर जुन्या फोनांवरची मेलची अ‍ॅप्स नव्या पद्धतीने ओळख पटवू शकली नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी सुरक्षित पण खुला मार्ग ठेवण्याऐवजी कित्येक कचेऱ्यांनी काय केलं? आयमॅप या मेल वाचण्याच्या खुल्या मार्गाची दारंच लावून घेतली. थंडरबर्डसारखं विनामूल्य, खुलं, नव्या पद्धतीने रीतसर ओळख पटवणारं सॉफ्टवेअर वापरायचं म्हटलं तरी पडद्यावर ‘अ‍ॅडमिनची मंजुरी आवश्यक’ अशी पाटी येते, आणि मंजुरी मागणारा मेल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये कुजत पडतो. सुरक्षेचं नाव घेऊन माणसाला एकाच कंपनीच्या अ‍ॅपकडे हाकलायचं, हा धंदा आहे.

आणि ते अ‍ॅप तरी किती सोवळं? मायक्रोसॉफ्टने अकॉम्पली नावाची कंपनी विकत घेऊन २०१५ च्या जानेवारीत फोनसाठी आउटलुक आणलं. ते वापरणाऱ्याची ओळख आणि मेल स्वतःच्या क्लाउडमधून फिरवत होतं. युरोपीय संसदेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने ते ताबडतोब अडवलं आणि सदस्यांना काढून टाकायला सांगितलं. २०२३ मध्ये विंडोजवरच्या नव्या आउटलुकने दुसऱ्या कंपन्यांची मेलखातीसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून जोडायला सुरुवात केली, तेव्हा जर्मनीच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. ज्या अ‍ॅपला आपल्याकडचे अ‍ॅडमिन डोळे झाकून ‘सुरक्षित’ म्हणतात, त्याच्याकडे तिथले अधिकारी डोळे उघडून पाहतात. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा अधिकारी मला भेटलेला नाही.

‘पण सगळ्यांशी जुळणारं करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे,’ हे पुढचं पालुपद. हे साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा कंपन्यांनीच दिला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये गूगलने जाहीर केलं की फुकट जीमेल वापरणाऱ्यांसाठी अ‍ॅक्टिव्हसिंकच्या नव्या जोडण्या जानेवारीअखेर बंद, यापुढे कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह हे खुले मार्ग वापरा. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनला तेव्हा हे दोन्ही मार्ग येत नव्हते. गिऱ्हाईक जाणार असं दिसताच काय झालं? गूगलने विंडोज फोनसाठी जुलैअखेरपर्यंत मुदत वाढवली आणि मायक्रोसॉफ्टने त्या अवधीत आपल्या फोनला दोन्ही मार्ग शिकवले. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते काही महिन्यांत झालं. बुद्धी तीच, माणसं तीच. फक्त गरज कुणाची, ते बदललं होतं.

खुले मार्ग तर कधीचे तयार आहेत. मेल आला की लगेच कळवण्याची सोय आयमॅपमध्ये १९९७ पासून आहे. कॅलडॅव्ह २००७ चं, कार्डडॅव्ह २०११ चं. मोबाइलसाठी मुळातून नव्याने विचार करून रचलेलं जेमॅप २०१९ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं. तरी आजही एक्स्चेंजला कॅलडॅव्ह येत नाही, आणि लोकांना मधे डॅव्हमेलसारखे दुभाषे बसवून काम भागवावं लागतं. थंडरबर्डने २०२५ च्या अखेरीस एक्स्चेंजशी थेट बोलण्याची सोय आणली, ती मायक्रोसॉफ्टच्याच ईडब्ल्यूएस या मार्गाने. आणि तो मार्ग आपल्या क्लाउडवर ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलेलं होतं. बाहेरच्याने दारापर्यंत पोचायचं आणि आतल्याने दार हलवायचं, हे असंच चालत राहणार, जोवर दाराचा नियम एकाच कंपनीच्या हातात आहे.

सिंकएमएलचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. वापरणाऱ्याची माहिती त्याच्या सगळ्या यंत्रांवर जुळावी म्हणून जन्मलेली ती पद्धत आज विंडोज संगणकांवर दुरून हुकूम सोडण्यासाठी वापरली जाते. जे वापरणाऱ्यासाठी बांधलं, ते त्याच्यावर वचक ठेवायला जुंपलं. या पंचवीस वर्षांचं सार त्यात आलं.

यावर उपाय नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशाकडे पाहावं. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. कंपन्यांनी ते प्रेमाने दिलं नाही, नियामकाने द्यायला लावलं. २०१६ साली यूपीआय आलं. एका बँकेच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या बँकेतल्या माणसाला पैसे जातात, मंडईतला भाजीवाला कोणतं अ‍ॅप वापरतो हे विचारायची गरज पडत नाही. पैशासारखी नाजूक गोष्ट सगळ्या अ‍ॅपांतून सुरक्षितपणे फिरू शकते, तर मंगळवारच्या बैठकीची वेळ का फिरू शकत नाही? सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचं धोरण जाहीर केलं. प्रमाण कुणाच्याही मालकीच्या परवाना-शुल्कात अडकलेलं नसावं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. धोरण कागदावर उत्तम आहे. महापालिका, विद्यापीठं, सहकारी बँका, महामंडळं यांच्या मेलसेवेच्या निविदा काढणाऱ्यांनी ते एकदा तरी उघडून वाचावं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मेलसेवा विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने निविदेत तीन अटी घालाव्यात. मेल आयमॅपने किंवा जेमॅपने, कॅलेंडर कॅलडॅव्हने आणि पत्ते कार्डडॅव्हने मिळालेच पाहिजेत, आधुनिक पद्धतीने ओळख पटवून, कुठल्याही अ‍ॅपवर. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनीला फक्त कंपनीचं खातं पुसता येईल, बाकी एका फोटोलाही हात लावता येणार नाही. आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी नवा फोन लागणार असेल, तर तो कंपनीने द्यावा. या तीन अटी पाळणारे विक्रेते आहेत. जे पाळणार नाहीत ते पहिलं मोठं टेंडर हातचं जाताच पाळायला शिकतील, २०१३ मध्ये शिकले तसेच.

ज्यांच्या हातात खरेदीची सही आहे, त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत. या अटी निविदेत घाला, नाहीतर आपल्या माणसांचे फोन आणि आपला पत्रव्यवहार आपण परक्या कंपनीच्या मर्जीवर सोपवतो आहोत, हे लेखी कबूल करून त्याखाली तीच सही करा.